लॅबमधल्या संगणकाला कुलूप कुठे लावायचं?

घरच्या संगणकाचा विषय निघाला की आपण बाहेरून येणाऱ्या चोराचा विचार करतो. विद्यापीठाच्या लॅबमध्ये ज्याच्यापासून धोका, तो समोरच्याच खुर्चीवर बसलेला असतो. त्याच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि त्याला आपणच आत घेतलेलं असतं. त्यामुळे अँटीव्हायरस टाकला की झालं, ही समजूत आधी सोडा.

विंडोजच्या लॉगिन स्क्रीनवर शिफ्टची कळ लागोपाठ ५ वेळा दाबली की स्टिकी कीजची, म्हणजे दोन कळा एकदम दाबता न येणाऱ्यांसाठीची सोय सुरू होते. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, त्या सोयीच्या फाइलच्या जागी कमांड प्रॉम्प्ट (यंत्राला थेट हुकूम देण्याची खिडकी) बसवायचा, आणि मग त्याच ५ दाबांत पासवर्डशिवाय सर्वाधिकार हाती. युक्ती जुनी आहे आणि विंडोजचं हल्लीचं अँटीव्हायरस, डिफेंडर, ती बरेचदा पकडतं. पण मुद्दा तिचा नाहीच. यंत्र भलत्याच डिस्कवरून सुरू करता आलं, तर विंडोजमधले तुमचे सगळे नियम बाजूला राहतात. म्हणून पेनड्राइव्हवरून बूट बंद करा, बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड घाला, डिस्क विंडोजच्याच बिटलॉकरने एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय ती वाचता येणार नाही. आणि हो, बऱ्याच मदरबोर्डवर जंपर (पिनांवरची छोटी टोपी) हलवला की बायोसचा पासवर्ड पुसला जातो. तेव्हा कॅबिनेटलाही साधं लोखंडी कुलूप हवंच! सीपीयूची मागची बाजूही अधूनमधून बघत जा. कीबोर्डची वायर आणि पोर्ट यांच्यामध्ये बसवलेला बोटाएवढा कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ टिपणारं उपकरण, कुठल्याच सॉफ्टवेअरला सहसा दिसत नाही.

विद्यार्थ्यांना अॅडमिनचे अधिकार द्यायचे नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. गडबड होते ती वेगळीकडे. सगळी यंत्रं एकाच इमेजवरून (तयार डिस्कच्या नकलेवरून) बनवलेली, त्यामुळे लोकल अॅडमिनचा, म्हणजे त्या-त्या यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्डही सगळीकडे तोच. एक फुटला की अख्खी लॅब गेली. मायक्रोसॉफ्टची लॅप्स (LAPS) ही सोय प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देते आणि ठरावीक काळाने बदलते. एप्रिल २०२३ पासून ती विंडोजमध्येच मिळते, तरी ती न वापरणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आता डीप फ्रीझसारखी सॉफ्टवेअर. रीस्टार्ट केलं की यंत्र पुन्हा मूळपदावर, म्हणून ती सगळ्यांची लाडकी. पण गोठवलेल्या यंत्रावर आलेले अपडेटही रीस्टार्टनंतर पुसले जातात. फाइली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय मे २०१७ मध्ये पसरला, तेव्हा त्यावरचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच येऊन पडला होता. नुकसान झालं ते बहुतांशी तो न बसवलेल्यांचं. तेव्हा रात्री यंत्रांचं गोठवणं तेवढ्यापुरतं काढून अपडेट घेण्याची वेळ ठरवून ठेवा. दुसरं म्हणजे, नुसतं लॉगआउट करून काही पुसलं जात नाही. सगळ्यांसाठी एकच सामाईक खातं असेल, तर आधीच्या मुलीचा ईमेल पुढच्या मुलासमोर उघडाच राहतो. लॉगआउट होताच यंत्र आपोआप रीस्टार्ट होईल, अशी सोय करा. मात्र त्याआधी प्रत्येकाला नेटवर्कवर फाइल ठेवायला जागा द्या, नाहीतर सबमिशनच्या आदल्या दिवशी डेस्कटॉपवर ठेवलेला प्रोजेक्ट गेला म्हणून मुलं तुमच्याच दारात येतील, आणि ती चुकीची नसतील.