खांद्याची कंडरा अर्धवट फाटते तेव्हा

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'पार्शल टिअर' असं लिहून आलं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. "डॉक्टर, फाटलंय म्हणजे शिवावंच लागणार ना?" हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. दरवेळी नाही, हे माझं उत्तर.

दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या उथळ वाटीत धरून ठेवायचं काम चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, करतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. सगळ्यांत जास्त झिजते ती वरची, सुप्रास्पायनेटसची. विहिरीवरचा काथ्याचा दोर आठवा. चार पदर तुटले तरी तो बादली ओढतो. निम्म्याहून अधिक तुटले की भरवसा राहत नाही. एलमन या अस्थिशल्यतज्ज्ञांनी १९९० मध्ये याच हिशेबाने पायऱ्या पाडल्या: ३ मिलिमीटरपेक्षा कमी खोल, ३ ते ६, आणि ६ पेक्षा जास्त. कंडरेची जाडीच १० ते १२ मिलिमीटर, म्हणून ६ हा आकडा मोलाचा.

पण आकड्यावर ऑपरेशन ठरवू नका. पन्नाशी-साठीनंतर काहीही न दुखणाऱ्या खांद्यातही अशा फाटी सापडतात. दोरीवर कपडे घालताना कळ येते का, रात्री त्या कुशीवर झोपता येतं का, तीन ते सहा महिने मनापासून व्यायाम करूनही फरक पडला नाही का, हे मी आधी विचारतो.

फाट उथळ असेल तर दुर्बिणीतून सुटलेले धागे साफ करतात. सोबत कंडरेच्या वरचं खांद्याचं हाड तासायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर हे तपासलं गेलं. त्यांच्यात कुणाचाच कफ आरपार फाटलेला नव्हता. निकाल २०१८ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आहे: हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घालून पाहिलेले, दोघांना सारखाच आराम. तेव्हापासून मी नुसत्या दुखण्यासाठी हाड तासायला तयार होत नाही.

निम्म्याहून खोल फाटीला टाके लागतात. इथे दोन वाटा आहेत. उरलेली कंडरा तशीच ठेवून तिच्यातून अँकर, म्हणजे टाक्याचा दोरा धरून ठेवणारा छोटा खिळा, हाडात बसवायचा, किंवा उरलेले कुजके धागेही सोडवून, फाट पूर्ण करून, ताजी कड हाडाला शिवायची. दुसरी वाट ऐकायला क्रूर वाटते, मला ठाऊक आहे. पण मेलेल्या धाग्यांना टाका धरत नाही. दोन्हींचे निकाल जवळपास सारखे येतात. पहिलीत सुरुवातीचे काही महिने खांदा जास्त आखडतो. उरलेली कंडरा चांगली असेल तर मी पहिली निवडतो, नसेल तर दुसरी, आणि ते पुष्कळदा आत पाहिल्यावरच कळतं.

खरं काम पुढचं. चार ते सहा आठवडे हात झोळीत. या काळात हात दुसऱ्याने हलवायचा, आपण उचलायचा नाही. स्वतःच्या जोरावर हालचाल साधारण सहा आठवड्यांनंतर, वजन तीन महिन्यांनंतर, जड कामाला सहा महिने. कंडरा हाडात रुजायला एवढा वेळ घेतेच. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणा, तंबाखू-विडी सोडा. आणि उजवा खांदा असेल तर ऑपरेशनच्या आधीच दोन आठवडे डाव्या हाताने जेवायची सवय लावून घ्या.