नळी आणि किडा

[दृश्य : पहाट. कयाकच्या तळाशी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले किडे.]

हे सँडवर्म. ओहोटी लागली की अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर लोक चिखलात कंबरेत वाकून, हातकुदळीनं हे एकेक खणून काढतात. दोन्ही अंगांना पायांची झालर आणि तोंडात काळे चिमटे. बेसावध बोट लावलंत तर चावतो.

हा ऱ्होड आयलंडचा नॅरागॅन्सेट उपसागर. आज स्कप मासा गरवायचाय. न्यूयॉर्ककडे यालाच पोर्गी म्हणतात. स्कप हे नाव इथल्या मूळच्या नॅरागॅन्सेट लोकांच्या भाषेतल्या 'मिशकप'वरून आलं.

[दृश्य : हातातली लाल नळी, अगदी जवळून.]

ही रबराची नळी, माशाला भुलवायला. स्ट्राइप्ड बाससारख्या थोराड माशासाठी हीच हातभर लांब लावतात. स्कपचं तोंड इवलंसं, म्हणून ही वीतभरसुद्धा नाही. मुद्दाम वाकडी ठेवलीय. सरळ नळी नुसती फरफटत येईल, वाकडी गिरक्या घेत येते. तो पीळ दोरीत चढू नये म्हणून पुढच्या टोकाला गरगर फिरणारी कडी. शेपटीला बारीक गळ आणि गळावर किड्याचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा. जास्त लोंबता ठेवलात तर लोंबतं तेवढंच कुरतडून स्कप पसार. (आमचे पहिले चार किडे असेच गेले.)

[दृश्य : वल्ही. मग पाण्याखालचा कॅमेरा.]

आता वल्हवायचं, पण शतपावलीच्या चालीनं. इंजिनाच्या बोटीला इतकं हळू जाणं जड जातं, कयाकला ते आपसूक जमतं. दोरीला शिसं आहे, त्यामुळे नळी तळाजवळून चाललीय. खाली दगड, शिंपल्यांचे थर. स्कपचे थवे इथंच चरतात. एका जागी गळ टाकून थव्याची वाट बघायची नाही, नळीच त्यांना हुडकत फिरते.

टक. टकटक. अजून ओढू नका, वल्हवत राहा.

वाकली काठी!

[दृश्य : मासा हातात.]

चांदीचं अंग, त्यावर फिकट निळी झाक, पाठीवर बारा काटे. हात डोक्याकडून मागे फिरवला की ते मिटतात. काटे फार म्हणून इथं बरेचजण या माशाला नाक मुरडतात. काटे काढतच मासे खायला शिकलेल्या आपल्याला त्याचं काय!

बेसुमार मासेमारीनं गेल्या शतकाच्या अखेरीस स्कप फार घटला होता. निर्बंध आले, २००९ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं.

[दृश्य : मोजपट्टीवर दुसरा, लहान मासा.]

हा मापात बसत नाही.

[दृश्य : हात पाण्यात. मासा सुटतो. निवेदन नाही.]