मिटलेले पुस्तक, उघडे डोळे

मित्रहो, पक्षी ओळखायला शिकणाऱ्या माणसाच्या हाती पहिल्यांदा फील्ड गाइड, म्हणजे पक्षी ओळखण्याचे सचित्र पुस्तक, येते तेव्हा बहुधा असे घडते: फांदीवर पक्षी दिसतो, हात पिशवीकडे जातो, मान खाली झुकते, भराभर पाने उलटली जातात आणि मिळतेजुळते चित्र सापडून मान वर होईपर्यंत फांदी रिकामी झालेली असते. चित्र लक्षात राहते, पक्षी राहत नाही. माझीही पहिली दोन वर्षे अशीच गेली. म्हणून आज मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे की पक्षी समोर असताना पुस्तक मिटलेले असावे आणि तो समोर नसताना ते वारंवार उघडावे.

दुर्बिणीतून दिसणाऱ्या जिवंत पक्ष्याला ओळखता यावे म्हणून पुस्तक रचणे ही कल्पना फार जुनी नाही. त्याआधी खात्रीची ओळख म्हणजे बहुधा बंदुकीने टिपलेला पक्षी हातात घेऊन केलेली मोजमापे असत. 1934 मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञ रॉजर टोरी पीटरसन यांनी आपल्या पुस्तकात एकमेकांसारखे दिसणारे पक्षी शेजारी शेजारी रंगवले आणि ज्या खुणेवरून ते वेगळे ठरतात त्या खुणेकडे लहानशी रेघ ओढली. आपल्याकडे 1941 मध्ये सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आले. पक्ष्याचा आकार सेंटिमीटरपेक्षा चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा यांच्या तुलनेत सांगण्याची त्यांची रीत मला आजही सर्वांत उपयोगी वाटते, कारण दूरच्या फांदीवरचे सेंटिमीटर कोणालाच मोजता येत नाहीत, साळुंकी मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेली असते.

पाहण्याचाही एक क्रम असतो. आधी आकारमान आणि ठेवण पाहावी, मग चोच, मग पक्षी काय करतो आहे ते, आणि रंग शेवटी. नवशिक्याला सर्वप्रथम रंगच दिसतो आणि नेमका तोच सर्वाधिक फसवतो, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा आकाशाच्या पार्श्वभूमीवर करडा पक्षी काळा दिसू शकतो. चोच तशी बदलत नाही. जाड आणि आखूड चोच दाणे फोडणाऱ्याची, बारीक आणि टोकदार चोच कीटक टिपणाऱ्याची, एवढे ध्यानात आले तरी पुस्तकातली निम्मी पाने बाजूला पडतात.

तळ्याकाठी मान आखडून निश्चल बसणारा वंचक घ्या. कोणी त्याला ढोकरी म्हणते, कोणी भुरा बगळा. बसलेला असताना तो मातकट, तपकिरी रेघारेघांचा असतो आणि चिखलात इतका मिसळून जातो की पाऊल जवळ पडेपर्यंत दिसत नाही. मग तो उडतो आणि एकाएकी पांढरेशुभ्र पंख उघडतात. ज्याने त्याला फक्त उडताना पाहिले, तो घरी येऊन पांढऱ्या बगळ्यांचे पान उघडतो आणि चुकतो. विणीच्या हंगामात याच पक्ष्याची पाठ गडद लालसर तपकिरी होते.

पांढऱ्या बगळ्यांचे पान मात्र नवशिक्याने सावकाश वाचावे. चारही पांढरे, आणि भेद सगळा चोच, पाय व मानेत. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटे पिवळी असतात. तो चिखलातून पाऊल उचलतो त्या क्षणी ही बोटे पाहून घ्यावीत. गायबगळ्याची चोच पिवळी आणि मान आखूड असते. मोठ्या बगळ्याच्या जबड्याची रेघ डोळ्याच्याही मागे जाते, मध्यम बगळ्याची डोळ्यापाशीच थांबते. ही रेघ आधी पुस्तकात पाहिलेली नसेल, तर तळ्यावर ती शोधायचे सुचणारही नाही. घरी पुस्तक वाचण्याचा उपयोग तो हाच.

चित्रांनाही मर्यादा असतात. सूर्यपक्ष्याचा चकाकता जांभळा नर सर्वांना ठाऊक असतो, पण वीण संपल्यावर तो मादीसारखा फिकट होतो आणि गळ्यापासून पोटाकडे उतरणारा काळसर पट्टाच तेवढा राहतो. कोकिळेची ठिपकेदार तपकिरी मादी तर कित्येकांना निराळाच पक्षी वाटते. म्हणून नर, मादी, पिल्लू आणि हंगाम ही माहिती चित्राइतकीच लक्षपूर्वक वाचावी, आणि शेजारचा नकाशाही. हिवाळी पाहुणा भर पावसाळ्यात दिसल्याचे वाटले तर आधी आपल्या निरीक्षणावर शंका घ्यावी.

एका उन्हाळ्यात करड्या पाठीचा, छातीवर आडवे पट्टे असलेला पक्षी झाडात शिरला आणि लहान पाखरांची धांदल उडाली. मी वहीत खुणा टिपल्या: पाठ करडी, शेपटीवर पट्टे, डोळ्याभोवती पिवळे कडे, चोच आकडीसारखी नाही. खाली नाव लिहिले, शिक्रा. शिक्रा हा शिकारी पक्षी, त्याची चोच आकडीसारखीच असते. चोचीची नोंद माझ्याच हातची होती, तरी नावाच्या घाईत मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. थोड्या वेळाने त्याच झाडातून चढत्या सुरात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू आले. तो कोकिळेच्या कुळातला पावशा होता. मी शिक्रा हा शब्द खोडला. वरच्या चारही ओळींत काहीच बदलावे लागले नाही.