"र" नसलेल्या गावात

(काळा पडदा. लांबून ढोलाचा ठोका. थोडं थांबून दुसरा.)

पहाटेचे चार वाजलेत. खिडकीबाहेर मिट्ट काळोख आहे आणि गल्लीच्या टोकाच्या विहारात ढोल वाजतोय. थोड्या वेळात वंदना सुरू होईल. मी जागी असते, पण उठत नाही. पहिली ओळ कानावर पडल्याशिवाय उठायचं नाही, असं इथे आल्यापासून ठरून गेलंय.

(भिक्खूंचं सामूहिक पठण.)

फुत्थं सलनं खत्सामि.

ओळखलंत? अमरावतीत आमच्या घरामागच्या विहारात आईचं बोट धरून मी जी ओळ म्हणायची, "बुद्धं सरणं गच्छामि", तीच ही. पहिल्या पहाटे मला ती ओळखायला बराच वेळ लागला. चाल निराळी, आणि "र" कुठेच नाही. सरणंचं सलनं झालेलं. ओळखल्यावर मात्र डोळे भरून आले. पालीतली ही ओळ इथल्या लोकांनी आपल्या जिभेला पेलेल तशी जपली आहे, आणि तिला कुणी चूक म्हणत नाही.

(दृश्य: धुक्यातली नदी. उजाडतंय.)

हे लुआंग प्रबांग. उत्तर लाओसमधली जुनी राजधानी. एका बाजूला मेकाँग, दुसऱ्या बाजूला तिला येऊन मिळणारी नाम खान, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर उतरत्या छपरांचे विहार, फ्रेंचांच्या काळातले बंगले, लाकडी घरं. 1995 पासून हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नाम खानवरचा हा बांबूचा पूल दर पावसाळ्यात काढून घेतात आणि पाणी उतरलं की पुन्हा बांधतात.

मी इंग्रजीची शिक्षिका. मेळघाटात, धारणी तालुक्यात, आश्रमशाळेतल्या मुलांना एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर तीन महिन्यांसाठी इथे आले. पगार नाही. विमानाचं भाडं माझं, राहायची खोली आणि दुपारचं जेवण इथल्या संस्थेचं. व्हिसा आणि शिकवण्याची परवानगी संस्थेनेच काढून दिली. फिरायला म्हणून यावं आणि जाता जाता चार दिवस वर्गात उभं राहावं, हे मला पटत नाही.

(दृश्य: रस्ता. कॅमेरा पलीकडच्या फुटपाथवर, लांब.)

सहाच्या सुमारास भिक्खू भिक्षेला निघतात. अनवाणी, एकामागे एक, मोठे पुढे आणि लहान सामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, मागे. बायका चटईवर गुडघे टेकून बसतात आणि बांबूच्या टोपलीतला चिकट भात चिमटीने उचलून प्रत्येकाच्या पात्रात ठेवतात. कुणी बोलत नाही. माझा पुतण्या हे चित्रण लांबून करतोय, फ्लॅश बंद ठेवून. काही प्रवासी अगदी तोंडासमोर मोबाइल धरतात, ते पाहवत नाही. या फिल्ममध्ये माझ्या विद्यार्थ्यांचे चेहरे तुम्हाला दिसणार नाहीत. हात दिसतील, वह्या दिसतील, आवाज ऐकू येतील.

(दृश्य: शाळेचं आवार. लोखंडी घणघण.)

सकाळी आठ. घंटा म्हणून टांगलेला हा लोखंडी तुकडा नीट पाहा. ते बॉम्बचं कवच आहे. 1964 ते 1973 या काळात अमेरिकी विमानांनी या देशावर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. न फुटलेले अजून शेतांत सापडतात. हे कवच रिकामं आहे आणि त्यावर ठोका पडला की मुलं रांगेत उभी राहतात. मुली पांढरा शर्ट आणि खाली काठाचा सिन, म्हणजे इथला लांब स्कर्ट, नेसून येतात.

ही माध्यमिक शाळा. लाओ भाषेत माध्यमिकला म्हणतात मत्थयोम आणि प्राथमिकला पथोम. मध्यम आणि प्रथम! भाषेला फासा, देशाला पथेत, विद्यालयाला वित्थयालय. शिक्षकाला खू, म्हणजे आपला गुरू, त्यातलाही "र" गळालेला. पहिल्या आठवड्यात असे शब्द मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत होते. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं व्हायचं.

वर्ग माझा नाही. तो इथल्या खूंचा आहे आणि मी त्यांच्या शेजारी उभी असते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांचं व्याकरण पक्कं आहे, माझ्यापेक्षाही काटेकोर. त्यांना कमी पडतं ते ऐकणं आणि बोलणं, कारण इंग्रजीत गप्पा मारायला वर्षभर कुणी भेटत नाही. म्हणून मुलांसमोर आम्ही दोघं बोलतो. आज बाजारात काय महाग होतं, मेकाँगच्या शेवाळाचा पापड कसा तळतात, नवी रेल्वे किती वेगाने जाते. मुलं आधी ऐकतात, मग मधे तोंड घालतात. तीन महिन्यांनी मी जाईन. खू राहतील. त्यांच्या बोलण्यात जे रुजेल तेच पुढच्या वर्षीच्या मुलांपर्यंत पोहोचेल.

(दृश्य: फळा. खडूने लिहिलेली इंग्रजी वाक्यं.)

आता या वह्या बघा. शब्दांमध्ये जागाच नाही, सगळी ओळ सलग. लाओ लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, वाक्यांश संपला की सोडतात. आपल्याकडच्या मोडी कागदांत तरी कुठे शब्द सुटे असायचे? मी प्रत्येकाला एक आगपेटीची काडी देते. शब्द लिहायचा, काडी ठेवायची, पुढचा शब्द लिहायचा. आठवड्याभरात काडीची गरज संपते.

लाओ भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही. झालेल्या गोष्टीला शेवटी "लेओ" जोडायचं, झालं काम. म्हणून मुलं इंग्रजीत म्हणतात, "आय गो मार्केट ऑलरेडी". अनेकवचनही नाही, म्हणून "थ्री बुक". यामागची शिस्त दिसली की राग येत नाही. मूल बेफिकिरीने बोलत नसतं, ते आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळत असतं.

आणि उच्चार. लाओ शब्दाच्या शेवटी मोजकेच आवाज येऊ शकतात. "स" येत नाही, "ल" येत नाही. म्हणून हॉटेलचं "होतेन" होतं, आणि हाउस, प्राइस, बस या शब्दांचं शेपूट गळतं. "र"च्या जागी "ल" येतो. राइसचं लाइस होतं, म्हणजे तांदळाच्या उवा.

या "र"ची एक गोष्ट आहे. बोलण्यातून तो फार पूर्वीच गेला होता, लिपीत मात्र त्याचं अक्षर उरलं होतं. 1975 मध्ये राजेशाही संपली आणि नव्या राजवटीने ते अक्षरही वर्णमालेतून काढून टाकलं. पुढे परदेशी नावं लिहायला ते परत आणावं लागलं.

माझ्या आधी आलेल्या कितीतरी स्वयंसेवकांनी या मुलांकडून तासन्‌तास "र" घोटून घेतला होता. मी ते बंद केलं. भात मागणाऱ्याच्या ताटात कुणी उवा वाढत नाही, संदर्भ सांभाळून घेतो. पण शेवटचा "स" गेला तर एक की अनेक ते कळत नाही, किमतीचा घोळ होतो, आणि यातली बरीच मुलं उद्या हॉटेलात, होडीवर, रेल्वे स्टेशनवर कामाला लागणार आहेत. लाओस 1997 मध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत गेला आणि आसियानचं कामकाज इंग्रजीत चालतं. म्हणून आमच्या वर्गात शेवटच्या "स"वर मेहनत होते. सगळी मुलं सापासारखा फुत्कार काढतात आणि शब्दाला जोडतात. बस्स्स्. हाउस्स्स्. "र"चं ज्याचं त्याने बघावं.

(दृश्य: दुपार. गल्लीत ऊन. मांजर.)

जेवण. चिकट भात, मिरचीची जळजळीत चटणी, नदीचा मासा. नंतर तासभर मी आडवी होते. वय साठ आहे.

(दृश्य: विहाराच्या आवारातली उघडी पडवी. लांब बाकं.)

साडेतीन. आता सामणेरांचा वर्ग. बारा ते अठरा वयाची मुलं, बहुतेक डोंगरातल्या गावांतली. घरी शिकवणं परवडत नाही, म्हणून चीवर घेऊन विहारात आलेली. इथे राहायला मिळतं, जेवायला मिळतं, शाळा मिळते. आपल्याकडे श्रामणेर शिबिर दहा दिवसांचं असतं. ही मुलं काही वर्षं राहतात. पुढे बरीचशी चीवर उतरवून संसाराला लागतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

माझ्यासाठी इथले नियम वेगळे आहेत. बाईने सामणेराला स्पर्श करायचा नाही, वस्तू थेट हातात द्यायची नाही. मी वही टेबलावर ठेवते आणि बाजूला होते, मग तो उचलतो. पहिल्या दिवशी सवयीने खडू पुढे केला. मुलगा दोन पावलं मागे सरकला आणि मी ओशाळले. आता हात आपोआप टेबलाकडे जातो. आणखी एक. दुपारी बारानंतर ही मुलं जेवत नाहीत. म्हणून खाण्यापिण्याचे शब्द या तासाला नाहीत. ते शनिवारी सकाळी.

गेल्या महिन्यात इथे एक गोष्ट घडली, तिच्यासाठी मी ही फिल्म करायला तयार झाले.

मी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला होता. तिसऱ्या बाकावरचा एक चौदा वर्षांचा सामणेर वाटायला उठला आणि पुटपुटत मोजायला लागला. मोय, बार, पे. तीनच्या पुढे तो लाओ आकड्यांवर गेला. मी त्याला थांबवलं. पुन्हा म्हण, म्हटलं. तो घाबरला, काही चुकलं असं त्याला वाटलं. हळू आवाजात म्हणाला, मोय, बार.

मेळघाटात कोरकू पोरं दोनला "बारी" म्हणतात.

तो मुलगा खमू. लाओसच्या उत्तरेतल्या डोंगरांत राहणारी ही माणसं लाओ लोकांच्याही आधीपासूनची. कोरकू आणि खमू या दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या, ऑस्ट्रोएशियाटिक. भाषाशास्त्राला हे कधीचं ठाऊक आहे, मीही कुठेतरी वाचलं होतं. पण सातपुड्याच्या कुशीतला आकडा मेकाँगच्या काठी एका पोराच्या तोंडून ऐकणं म्हणजे काय, ते मला सांगता येत नाही. मी त्याला म्हटलं, माझ्या गावाकडची मुलं "मिया, बारी" म्हणतात. त्याने मान वर केली. त्या तासाला पहिल्यांदाच.

मग मी त्याला वाचायला उठवलं. धड्यात नदीवरचा उतारा होता. त्याने वाचला, आणि "रिव्हर" मधला "र" असा खणखणीत आला की सगळी मुलं मागे वळली. खमू भाषेत "र" आहे. त्याच्या घरी तो रोज बोलला जातो. पण या पोराला वाटत होतं की वर्गात आपलंच काहीतरी चुकतं, इतरांसारखं येत नाही, म्हणून तो "ल" म्हणायला शिकला होता.

(थोडी शांतता. पानांची सळसळ.)

धारणीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगायची आणि वाटायचं, समजलं. समोरच्या कोरकू पोरांना ती मराठीही तितकीच परकी होती. ती गप्प बसायची आणि मी त्यांना मठ्ठ समजायची. हे ध्यानात यायला मला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांतली मुलं आज चाळिशीपुढे असतील. त्यांचे चेहरे मला आठवतात.

या सामणेराची घरची भाषा खमू, शाळेची लाओ, विहारातली पाली. इंग्रजी चौथी.

(दृश्य: सूर्य मेकाँगपलीकडे. ढोल. पठण सुरू.)

साडेपाचला ढोल वाजला की आमचा वर्ग संपतो. मुलं वंदनेला जातात. मी पडवीत बसून एक वही लिहिते. ही वही माझ्यामागून येणाऱ्या शिक्षकासाठी आहे. मी आले तेव्हा असं काही नव्हतं. कुणी दोन आठवडे यायचं, कुणी महिनाभर, आणि प्रत्येक जण "माय नेम इज" पासून सुरू करायचा. एका मुलीने मला सांगितलं, तिने हा धडा सात जणांकडून शिकला आहे.

म्हणून रोज लिहायचं. कोणता धडा झाला, कुणाला काय जमतं, कशाने वर्ग हसतो, कशाने गप्प होतो. वस्तू टेबलावर ठेवा, हातात देऊ नका. दुपारी खाण्याचे शब्द नकोत. खूंना मुलांसमोर दुरुस्त करू नका, नंतर चहाच्या वेळी बोला. आगपेटीच्या काड्या कपाटात, वरच्या कप्प्यात.

आजची नोंद अर्धी झाली आहे. पडवीत दिवा लागलाय. आतून पुन्हा ती ओळ येतेय, सलनं, सलनं, आणि आज मी कान देऊन ऐकतेय की त्या चाळीस आवाजांत एखादा "सरणं" म्हणतो का.

(कॅमेरा वहीवर. पेन चालतंय.)

"तिसरं बाक, खिडकीकडून दुसरा. याला 'र' येतो. मोठ्याने वाचायला याला आधी उठवा."