दार कुणी उघडायचं?

नमस्कार श्रोतेहो. मेलेली माणसं उठून जिवंतांवर चालून येतात, त्या झॉम्बींच्या गोष्टींबद्दल आज बोलायचंय. मुलं जवळ बसली असतील तर बसू द्या. भुताच्या गोष्टींपासून मुलांना आपण फार जपतो आणि रात्रीच्या बातम्या मात्र जेवताना खुशाल लावतो, हे मला पटत नाही. असो.

या गोष्टींत मढी बाहेर असतात, प्रश्न आतला असतो. जीव वाचवायचा तो कुणाकुणाचा? दार कुणासाठी उघडायचं?

जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८ चा अमेरिकन चित्रपट घ्या. पेनसिल्व्हेनियातलं एकाकी शेतघर, आत सात माणसं. बेन म्हणतो, वरच थांबू, दारंखिडक्यांना फळ्या ठोकू. हॅरी म्हणतो, तळघरात जाऊ, आतून बंद करून घेऊ. हॅरीची पोर जखमी आहे, त्याची भीती खरी आहे. टीव्हीवर सांगतात, मदत केंद्रावर जा. म्हणून बेन ट्रकमध्ये पेट्रोल भरायला बाहेर पडतो. ते साधत नाही, तो पळत परत येतो, आणि हॅरी दार उघडत नाही. पुन्हा सांगतो: हॅरी दार उघडत नाही. बेन लाथ मारून आत येतो. तिथून पुढे त्या घरात कुणी कुणाचं उरत नाही.

शेवटी बेन एकटाच वाचतो, आणि तोही तळघरातच! जागेबद्दल हॅरी बरोबर होता, दाराबद्दल चुकला. सकाळी मढी मारत फिरणारे बंदूकवाले येतात. बेन खिडकीशी येतो. हेही मढंच समजून ते त्याच्या कपाळात गोळी घालतात.

बेन झाले होते ड्युएन जोन्स, कृष्णवर्णीय नट. पटकथेत बेनचा वर्ण लिहिलेलाच नव्हता. चाचणीत ते सरस ठरले, म्हणून घेतले.

आता ऐका. ही आठवण स्वतः रोमेरोंनी सांगितलेली. चित्रपट पुरा झाला. रिळं गाडीच्या डिकीत टाकून ते न्यूयॉर्कला निघाले, वितरक शोधायला. वाटेत गाडीतला रेडिओ चालू होता. त्यावर बातमी आली: मेम्फिसमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली. तारीख ४ एप्रिल १९६८. रात्रभर लोकांना वाचवायला धडपडलेला एक कृष्णवर्णीय माणूस सकाळी गोऱ्यांच्या गोळीनं पडतो, ते दृश्य त्याच गाडीच्या डिकीत होतं. चित्रण कधीच संपलेलं होतं! माझ्या मते रेडिओवरच्या बातमीला तोड नाही. टीव्हीवर माणूस चित्र बघत बसतो, रेडिओवर शब्द थेट आत जातो.

न्यूयॉर्कला एका कंपनीनं म्हटलं, शेवट गोड करा, मग घेऊ. रोमेरोंनी नकार दिला. १ ऑक्टोबर १९६८ ला पिट्सबर्गमध्ये पहिला खेळ झाला, तोच शेवट ठेवून.