माहेरची बाजूही सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा पेशंट आला की डॉक्टर हमखास विचारतात, घरात आणखी कुणाला होता का? उत्तर बहुधा ‘नाही’ असंच येतं. मग खोदून विचारलं की कळतं, आईची आई ‘पिशवीच्या दुखण्यानं’ गेली आणि मामा चाळिशीतच ‘पोटाचं काहीतरी होऊन’ गेला. कुळाची माहिती म्हणजे वडिलांकडची, असं आपण धरूनच चालतो. जनुकं मात्र दोन्हीकडून येतात.

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली, आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरनं. वॉर्थिननी तिच्या घराण्याचा तक्ता मांडून १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे नेब्रास्काच्या डॉ. हेन्री लिंच यांनी अशीच घराणी शोधली, पण कॅन्सर आनुवंशिक असू शकतो हे अनेकांना पटेना. कारण हाती लागलं ते थेट १९९३-९४ मध्ये.

पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. त्या दुरुस्त करणारी चार मुख्य जनुकं आहेत: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२. मुद्रितशोधकच रजेवर गेला तर छापखान्यातून काय बाहेर पडेल? यातलं एखादं जनुक जन्मतःच बिघडलेलं असणं म्हणजे लिंच सिंड्रोम.

हे तपासायला सुरुवातीला वेगळा तुकडाही काढावा लागत नाही. बायोप्सीचा तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात (ब्लॉक) जपलेला असतो, त्यातूनच पातळ काप काढून, ही चार जनुकं बनवतात ती प्रथिनं दाखवणारे रंग (स्टेन) त्यांवर चढवतात. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर निळंच राहतं. निळं दिसलं म्हणजे लिंच ठरलाच असं नव्हे. उतारवयात एमएलएच-१ नुसतं बंदही पडतं, वारशाचा संबंध नसतो. खात्रीसाठी पुढे रक्ततपासणी करतात.

औषधंही गाठीतल्या जनुकांवर ठरतात. गाठीत केरास नावाचं, पेशींच्या वाढीशी संबंधित जनुक बदललेलं असेल तर सेटुक्सिमॅब हे औषध नुसतं देऊन सहसा उपयोग होत नाही. दुरुस्ती बिघडलेल्या गाठीत मात्र इतकी चुकीची प्रथिनं तयार होतात, की रोगप्रतिकारक पेशींना ती परकी म्हणून ओळखता येतात, फक्त त्यांच्यावरचा ब्रेक काढावा लागतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात गुदाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या १२ पेशंटना हा ब्रेक काढणारं डोस्टारलिमॅब हे औषध सहा महिने दिलं, त्याचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्यांच्या गाठी नाहीशा झाल्या, ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कॅन्सरवर रामबाण औषध’ म्हणून हे फिरलं. त्या सगळ्या गाठी याच, दुरुस्ती बिघडलेल्या प्रकारातल्या होत्या, तेवढं कुणी लिहिलं नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी साधारण १५ टक्के.

घरात लिंच निघाला तर प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो येण्याची शक्यता निम्मी. लग्नाच्या मुलीचं कसं होणार, म्हणून तपासणी टाळणारे आईबाप असतात, आणि त्यांची भीती मी समजू शकतो. पण एमएलएच-१ किंवा एमएसएच-२ बिघडलेलं असेल तर विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी करतात आणि आतड्यात मोड (पॉलिप) दिसला की कॅन्सर होण्याआधीच तिथल्या तिथे काढून टाकतात. आणि ज्या भावंडात तो दोष आलेलाच नाही, त्याला यातलं काही करावं लागत नाही. त्याच्या मुलांनाही नाही.