जिन्याखालची पावडर रूम

श्रोतेहो, नमस्कार.

येवल्याहून माझी मावशी आली होती. नाशकात इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाउसमध्ये सोफ्यावर दोन तास बसली, एक चहा घेतला, दुसऱ्याला मात्र हात जोडले. निघताना मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाली, "अगं, जरा जाऊन यायचं होतं. पण तुमचं सगळं बेडरूममधून. जावईबापू आत झोपलेले." सत्तरी ओलांडलेली बाई दोन तास अवघडून बसली, आणि मी म्हणे लोकांच्या घरांची इंटिरिअरची कामं करते! त्याच आठवड्यात जिन्याखालचं सामान बाहेर काढलं आणि तिथे पाहुण्यांसाठी छोटासा संडास करायला घेतला.

अशा खोलीला हल्ली पावडर रूम म्हणतात. कमोड आणि बेसिन, बस. अंघोळ नाही, बादली नाही. नाव मोठं गमतीचं आहे. अठराव्या शतकात युरोपात केसांच्या टोपांवर पांढरी भुकटी मारायची टूम होती आणि श्रीमंतांच्या घरी त्यासाठी वेगळी खोली असायची. 1795 मध्ये ब्रिटिश सरकारने या भुकटीवर वर्षाला एक गिनी कर बसवला. टूम ओसरली, नाव तेवढं राहिलं. आपल्या वाड्यांत शौचकूप मागे परसात असायचा आणि पाहुण्याला विचारायची वेळच यायची नाही. पाय धुवायला तांब्या पुढे करतानाच घरातलं कुणीतरी "मागच्या बाजूला आहे हं" असं सांगून टाकायचं. फ्लॅटमध्ये हे सांगणं गेलं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की या खोलीत पाहुण्याला एकही गोष्ट विचारावी लागू नये. शोभेचं नंतर बघू.

जागा किती लागते? तीन फूट बाय चार फूट असेल तरी भागतं. जिन्याखाली मात्र डोक्याचा प्रश्न. कमोड उताराच्या बाजूला सरकवायचा मोह होतो, पण उठताना कपाळमोक्ष होता कामा नये. मी तिथे प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांना बसून-उठून बघायला लावलं. सासरे हसले, पण बसले. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करा. आत जागा वाचते हे झालंच, पण आत कुणाला भोवळ आली तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं.

आता पाइप. कमोड कुठेही बसवता येतो, हा समज आधी सोडा. त्याचा चार इंची पाइप जेवढा लांब न्याल तेवढा उतार द्यावा लागतो, साधारण चार फुटांना एक इंच. बाहेरचा गटाराचा चेंबर लांब असेल तर फरशी उचलावी लागते आणि दारात ठेच लागणारी पायरी तयार होते. फ्लॅटवाल्यांनी तर डक्टला, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या पोकळीला, लागूनच जागा शोधावी, खालच्या शेजाऱ्याच्या छतावर प्रयोग करू नयेत. आमच्याकडे पाइप नीट झाला आणि फरशीचा उतार चुकला. मिस्त्रीने तो दाराकडे दिला. पहिल्याच दिवशी पाणी हॉलमधल्या सतरंजीपर्यंत आलं. टाइल्स पुन्हा उखडल्या. तुम्ही टाइल्स बसण्याआधी एक तांब्या ओतून पाहा, पाणी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या जाळीकडे, जातं की नाही ते लगेच कळतं.

त्या ट्रॅपबद्दल आणखी एक. त्यात दोनेक इंच पाणी साठून राहतं, तेच गटाराचा वास अडवतं. पाहुण्यांची खोली आठवडेच्या आठवडे बंद असते, आपला एप्रिल-मे तुम्हाला ठाऊकच आहे. पाणी आटलं की वास घरात. लोक मग अत्तराच्या बाटल्या ठेवतात. त्यापेक्षा आठवड्याला एक मग पाणी ओता.

एक्झॉस्ट पंखा दिव्याच्याच बटणावर घ्या. ही खोली बहुधा सोफ्यापासून चार पावलांवर असते, पंख्याच्या घरघरीने आतल्या माणसाचा संकोच जातो. बटण दाराबाहेर, हात सहज जाईल तिथे. आत पर्स अडकवायला खुंटी, झाकणाचा डबा, कोनाड्यात सॅनिटरी पॅडची डबी. एकच ओला टॉवेल सगळ्यांनी वापरायचा नसेल तर चार छोटे नॅपकिन. कमोडशेजारच्या धुण्याच्या जेटचा जोर त्याच्या भिंतीवरच्या नळाने, अँगल कॉकने, कमी करून ठेवा, नाहीतर नवख्या माणसाची साडी भिजते. आणि जेट असला तरी मग असू द्या. म्हाताऱ्या माणसांना मगच लागतो.

2027 मध्ये सिंहस्थ आहे. कुणाकुणाकडे किती पाहुणे उतरतील ते रामालाच ठाऊक.

सजावटीचं म्हणाल तर लहान खोलीला पांढराच रंग हवा असं काही नाही. मी भिंती गडद मोरपंखी केल्या. टाइल्स खरखरीत, मॅट. दिवा डोक्यावर नको, चेहऱ्यावर सावल्या पडतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना पिवळसर उजेडाचे दोन लावा. बेसिन म्हणून मात्र मी आजीचं तांब्याचं घंगाळ बसवलं. तुमच्याकडे नसेल तर भांडी बाजारात चौकशी करा. माझं जुन्या नाशकातल्या एका तांबटाकडे नेलं, त्याने तळाला भोक पाडून कडा वळवून दिली. घंगाळ ओट्यावर बसतं, म्हणून ओटा खाली घ्यावा लागतो. काठ जमिनीपासून बत्तीस इंचांवर आला पाहिजे, आणि नळ उंच मानेचा हवा. घासायला चिंच-मीठ, ॲसिड चुकूनही नको. बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे डाग पडणारच, रोज कोरड्या फडक्याने पुसावं लागेल. पुसायचा कंटाळा असेल तर सरळ चिनी मातीचं बेसिन घ्या.

मावशी दिवाळीत पुन्हा आली. या वेळी काही न विचारता उठली, आत गेली, दिवा लागला, पंखा सुरू झाला. मी स्वयंपाकघरात खुशीत होते. बाहेर आली ती पदराला हात पुसतच, चारही नॅपकिन जिथल्या तिथे.

"ते घंगाळ आईचं ना गं?"

"हो, मावशी."

"आणि त्याला तू खालून भोक पाडलंस?"

नमस्कार.